तीन वेळा नो

दि. ४ फेब्रुवारी

ति. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. वहिनीचा गुडघा आता जिना चढू देतो हे वाचून जिवाला बरं वाटलं. पण तुझ्या अक्षराला काय झालंय रे? पस्तीस वर्षं फळ्यावर आखल्यासारखं लिहिणारा तू, आणि आता प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा जरा आत सरकलेली. तळाला येईपर्यंत डावीकडचा पाव कागद कोरा. निवृत्त मास्तरांना मोठा समास सोडायची सवलत मिळते की काय?

इकडची खबर अशी की चिरंजीव लिफ्ट बसवायच्या कामावर परगावी गेलाय. वीस मजल्यांची इमारत आहे, अजून दोन महिने तरी येत नाही. घरात मी आणि सूनबाई. लग्नाला पाच महिने झाले, पण तिला मराठीचं अक्षर येत नाही आणि माझं इंग्रजी तुला माहीतच आहे. लूज, टाइट, शॉर्ट, आणि ‘थर्सडे रेडी’. एवढ्यावर मी तीस वर्षं कपडे दुरुस्तीचं दुकान चालवलं, पण एवढ्यावर सून चालवता येत नाही. मुलगा होता तोवर तो इकडचं तिकडे पोचवत होता. आता आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसतो आणि आपापल्या कामाला लागतो. ती चष्म्याच्या दुकानात नंबर काढायच्या कामाला आहे, दुपारी चारला घरी येते.

आता जे लिहिते ते वहिनीलाही वाचून दाखवू नकोस. मला तिचं लक्षण ठीक दिसत नाही. ती माझ्याकडे बघत राहते. मी मशीनवर बसले की दारात उभी राहून बघते, मी वर पाहिलं की नजर चुकवते. घरातल्या वस्तू जागच्या हलतात. मशीनजवळचं स्टूल मी जन्मभर एकाच जागी ठेवलं, पण गेल्या महिन्यात दोनदा त्याला अडखळले. पोटरीवर वळ उठलाय. परवा चहाचा कप तिने नेमका माझ्या डाव्या कोपराशी ठेवला आणि माझा धक्का लागून तो फुटला. तुकडे गोळा करताना ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तुला सांगते, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

मुलाला विचारायचं म्हणजे त्याला बायको आणि आई यांच्यात ओढायचं, ते मी करणार नाही. मला तिलाच विचारायचंय, पण भांडकुदळ सासू वाटता कामा नये. नाजूक गोष्ट इंग्रजीत सभ्यपणे कशी विचारतात ते लिहून पाठव. सोपं पाठव, व्याकरण नको.

फोन करत नाही कारण तिची खोली फोनच्या भिंतीला लागून आहे. मराठी कळत नसेल, पण आपल्याविषयी बोलणं चाललंय हे कुणालाही कळतं.

वहिनीस नमस्कार. बहिणीवरचा लोभ आहे तसा ठेव, वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझी
ठकू

~

दि. १२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नावाने ठकू आणि स्वभावाने फौजदार! लहानपणी माझ्या खिशातल्या पेन्सिली मोजणारी तू, सुनेच्या नजरा मोजणार नाहीस तर काय. कप फुटला तर फुटला. कप काचेचेच करतात.

तरी विचारलंस म्हणून सांगतो. इंग्रजीत खाजगी गोष्ट थेट विचारली तर तोंडावर दार आपटल्यासारखी लागते. तुझं वय काय, पगार किती, मूल का नाही, असलं काही सरळ विचारायचं नसतं. आधी दारावर टकटक करायची. ते टकटक करणं म्हणजे हे वाक्य. रोज आरशासमोर दहा वेळा म्हण: वुड यू माइंड इफ आय आस्क यू समथिंग? अर्थ अगदी सोपा, ‘तुला काही विचारलं तर चालेल का?’ मग थांबायचं. समोरचा माणूस काय म्हणतो ते ऐकायचं आणि मगच पुढचं. पुढचा प्रश्नही मऊ करायचा. ‘तू माझ्या वस्तू का हलवतेस’ असं नाही, तर ‘मला जरा कुतूहल वाटलं’ असं. ती वाक्यं मागच्या पानावर देवनागरीत लिहिली आहेत. आवाज शेवटी वर न्यायचा आणि हसायचं. तू हसलीस तर जास्त भीती वाटते, पण इलाज नाही.

माझ्या अक्षरावर टीका करायचं वय तुझं अजून झालेलं नाही. वहिनीचीही तक्रार आहेच, की हल्ली मी रस्त्यात लोकांना ओळख दाखवत नाही. परवा म्हणे शेजारचे घड्याळजी माझ्या बाजूने चालत ‘मास्तर, मास्तर’ करत होते आणि मी मान ताठ ठेवून पुढे गेलो. पस्तीस वर्षं ज्याला त्याला नमस्कार घातले, आता थोडा गर्विष्ठ झालो तर काय बिघडलं?

काय झालं ते कळव. आशीर्वाद आहेतच, त्यांचा हिशेब ठेवू नकोस.

तुझा
दादा

~

दि. २३ फेब्रुवारी

ति. दादास,
सा. न. वि. वि.

विचारलं. आणि तुझ्या सभ्य इंग्रजीने माझं हसं केलं.

रविवारी सकाळी चहा केला, बिस्किटं मांडली, तिला समोर बसवलं. चार दिवस पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हटलं. वुड यू माइंड इफ आय आस्क यू समथिंग. आवाज वर नेला, हसलेसुद्धा. तिचा चेहरा एकदम उजळला, मला वाटलं जमलं. आणि ती म्हणाली, नो. नुसतं नो म्हणून थांबली नाही, नो, नो, ऑफ कोर्स नॉट! मला ‘ऑफ कोर्स’ कळतं, दादा. ‘अर्थातच’. म्हणजे अर्थातच नाही. एकदा नाही, तीन वेळा नाही, आणि तेही हसून!

मी काय करणार? तू सांगितलं होतंस, समोरचा काय म्हणतो ते ऐकायचं. ऐकलं. ती मांडीवर हात ठेवून माझ्याकडे बघत बसली, मी कधी उठते याची वाट बघत असावी. मी बिस्किटांची बशी उचलली आणि आत गेले. मनात काही नसतं तर विचारू द्यायला काय हरकत होती तिला? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

आता जे लिहिते ते वाचून हसू नकोस. बुधवारी मी दुकानातल्या उंच आरशासमोर होते. पुतळ्यावर एक कोट चढवून त्याच्या बाहीला टाचण्या लावत होते. खोलीत मी एकटीच होते, निदान मला तसंच वाटत होतं. सहज आरशात पाहिलं तर सूनबाई माझ्या डाव्या खांद्याला लागून उभी, हात माझ्या कानाजवळ नेलेला, आणि बोटं अशी हलवत होती, पीठ चाळल्यासारखी. किती वेळ उभी होती देव जाणे. मी किंचाळले, टाचणी बोटात गेली. तिने हात मागे घेतला आणि पांढरीफटक पडली. काहीतरी बोलली, मला एक शब्द कळला नाही, मी विचारलंही नाही.

करणी बिरणी मी मानत नाही. पण कुणी माणूस दुसऱ्याच्या कानाशी बोटं का हलवेल, हे तू मास्तर आहेस तर सांग.

चिरंजीवाचा फोन आला होता. म्हणाला, आई, तिला जरा बोलू दे ना, तिला वाटतं तिचं बोलणं तुला आवडत नाही. म्हणजे माझ्याआधी तक्रार तिकडे पोचली! मी इथे सगळं ठीक आहे म्हणून फोन ठेवला.

धीर दे. तुझ्या प्रेमावरच सध्या माझं चाललंय.

तुझी
ठकू

~

दि. २ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो नाही. बोटांचा प्रकार मलाही चमत्कारिक वाटतो. शिकलेल्या मुलीने असं का करावं? आणि सभ्यपणे विचारलेल्या प्रश्नाला सरळ नकार देणं, हे तर इंग्रजी रीतीतही बसत नाही. मी तुला सबुरीने घे म्हणणार होतो, पण आता म्हणतो डोळ्यात तेल घालून राहा.

एक काम कर. घराचे कागद कपाटात असतील ते माझ्याकडे पाठवून दे. घर अजून वडिलांच्याच नावावर आहे हे बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही, तरी जपलेलं बरं. घराचा विषय निघाला म्हणून वडील आठवले. शेवटच्या वर्षांत भिंतीला हात लावून चालायचे आणि आपण त्यांना चिडवायचो, भिंत पडेल म्हणून धरताय का. म्हातारपणी माणूस जपून पावलं टाकतो, तसं तूही टाक.

पुन्हा विचारायला जाऊ नकोस. आता तिने विचारलं तर मोठ्या मनाने हो म्हण, म्हणजे फरक कुणाच्या वागण्यात आहे ते तिला कळेल.

या पानाच्या कडेला डाग पडलाय तो शाईचा. दौत बाजूला होती, दिसली नाही. वहिनी रागावली आहे.

तुझा
दादा

~

दि. १३ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

कागद रजिस्टर पोस्टाने पाठवलेत. बरं झालं तू सुचवलंस, कारण तिचा डाव मला आता कळलाय.

मंगळवारी ती दुकानात आली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि माझंच वाक्य माझ्यावर उलटवलं. वुड यू माइंड इफ आय आस्क यू अबाउट युवर फादर? ऐकलंस? फादर! आपल्या वडिलांना जाऊन एकवीस वर्षं झाली, तिने त्यांचा फोटोसुद्धा धड पाहिलेला नाही. त्यांची आठवण हिला कशाला? घर कुणाच्या नावावर आहे याचीच चौकशी, दुसरं काय! तरी तू सांगितलंस तसं मी मन मोठं केलं. म्हटलं, येस. येस, येस! बघ म्हटलं, मी अडवत नाही, विचार काय विचारायचं ते. तर तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सॉरी म्हणाली, पुन्हा सॉरी म्हणाली आणि खुर्ची जागेवर ठेवून निघून गेली. परवानगी मिळाल्यावर जिची जीभ उचलत नाही, तिचा प्रश्न सरळ कसा असेल?

याहून वाईट म्हणजे तिने माझ्या पोटावर पाय दिलाय. व्हायोलिन वाजवणाऱ्या बाई माझ्या वीस वर्षांच्या गिऱ्हाईक. त्यांच्या काळ्या स्कर्टच्या चुण्या मी नव्याने शिवून दिल्या. कार्यक्रमात बाई उभ्या राहिल्या आणि डाव्या बाजूच्या चुण्या सुटून लोंबायला लागल्या. काल स्कर्ट घेऊन आल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. हळू आवाजात म्हणाल्या, आता थोडं कमी काम घेत जा. दादा, डावीकडच्या दोन चुण्यांवर टाकाच नव्हता. कच्चा दोरा तेवढा होता. मी टाका विसरणारी बाई नाही. रात्रभर स्कर्ट दुकानात टांगलेला होता आणि दुकानाची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे आहे. टाके उसवले तिने! माझं दुकान बंद पडावं, मी कुठल्यातरी वृद्धाश्रमात जाऊन बसावं आणि घर मोकळं व्हावं, असंच चाललंय. फोनवर मैत्रिणीशी बोलताना ‘मदर’, ‘अलोन’ आणि ‘डेंजरस’ हे तीन शब्द मी स्वतः ऐकलेत. मी डेंजरस!

जिन्याच्या प्रत्येक पायरीला पिवळी पट्टी चिकटवून ठेवली आहे. माझ्याच घरात मला पायऱ्या दाखवते. मी त्या सगळ्या खरवडून काढल्या.

काल संध्याकाळी मी तिच्या हातातून दुकानाची किल्ली काढून घेतली. इंग्रजी लागलंच नाही. ती रडली. आज सकाळी बॅग घेऊन मैत्रिणीकडे निघून गेली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं, पण घर खायला उठतं. माझ्या मशीनवर एक चिठ्ठी ठेवून गेली आहे, इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी भरून. इथे कुणाला दाखवायची सोय नाही, घरातली लक्तरं बाहेर कशाला? सोबत जोडली आहे. काय धमकी दिली आहे ते मला मराठीत कळव. एक शब्द गाळू नकोस.

तुझी
ठकू

~

दि. १७ मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र पोस्टाने नाही, घड्याळजींचा पुतण्या तुझ्या गावी येतोय त्याच्या हाती देतोय. फोन केला होता, पण तू ‘तिची धमकी फोनवर नको, पत्राने लिही’ म्हणून ठेवून दिलास. आता उभ्याने वाचू नकोस. बस.

चिठ्ठीचं मराठी असं:

‘आई, मी तीन आठवडे तुमच्याशी बोलायचा प्रयत्न करते आहे. तुमच्या वडिलांविषयी विचारू का म्हटलं, तेव्हा माझ्या विचारण्याला तुमची हरकत आहे असं तुम्ही तीन वेळा सांगितलंत, म्हणून मी थांबले. माझ्या कामात माणूस नको म्हणाला की थांबायचं असतं. एकदा तुम्ही मला काही विचारू का म्हणालात, मला फार आनंद झाला, मी नक्की विचारा म्हटलं, पण तुम्ही उठून गेलात. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही.

‘मला वाटतं तुम्हाला डाव्या बाजूचं दिसत नाही. कप, स्टूल, दाराची चौकट, सगळं डावीकडेच लागतं. खात्री करायला मी कप मुद्दाम तिथे ठेवला, ते चूक होतं. आरशासमोर मी बोटं हलवली, आम्ही दुकानात तशीच तपासणी करतो. न सांगता केली हेही चूक. तुम्हाला माझी बोटं आरशात दिसेपर्यंत दिसली नाहीत. हा काचबिंदू असू शकतो. तो दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली औषधाने वाचवता येते आणि त्यात एकेक महिना मोलाचा असतो. हा आजार घराण्यात उतरतो म्हणून वडिलांचं विचारायचं होतं. तुमच्या मुलाला मी अजून सांगितलेलं नाही. तो दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यावर उंच उभा असतो, त्याचं लक्ष उडेल. मी घरात असल्याने तुम्हाला त्रास होत असेल तर मी येणार नाही, पण कुठल्याही डॉक्टरकडे जा. पट्ट्या काढू नका.’

तिने ‘मदर’ लिहिलंय, मी ‘आई’ केलंय. निदान एवढं भाषांतर तरी मी बरोबर केलं.

कारण बाकीचं माझं चुकलं. ठकू, माइंड म्हणजे ‘चालेल का’ नव्हे. माइंड म्हणजे ‘हरकत आहे का’. तुला सोपं पडावं म्हणून मी अर्थ सैल करून लिहिला, आणि त्या वाक्याला उत्तर काय द्यायचं, काय समजायचं, हे लिहिलंच नाही. ‘नो’ म्हणजे हरकत नाही, विचारा. तिने तीन वेळा ‘नो’ म्हटलं ते तीन वेळा दार उघडणं होतं. आणि तू मोठ्या मनाने तीन वेळा ‘येस’ म्हणालीस म्हणजे तीन वेळा तेच दार तिच्या तोंडावर आपटलंस. दहावीच्या पोरांना हे मी दर वर्षी पट्टी हातात घेऊन शिकवत होतो. बहिणीला शिकवताना आळस केला, आणि वर कागद लपव म्हणून सल्ला दिला. माझी मला लाज वाटते.

स्कर्टचे टाके कुणी उसवले नाहीत. ते पडलेच नव्हते. हे लिहिताना माझा हात थांबला होता, पण तू एक शब्द गाळू नकोस म्हणालीस.

तिच्याकडे आज जा, उद्या नको.

तुझा
दादा

~

दि. २९ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

गेले. तुझं पत्र हाती पडलं त्याच दिवशी गेले. मैत्रिणीचा पत्ता माहीत नव्हता, म्हणून चष्म्याच्या दुकानात गेले आणि रांगेत बसले. माझ्यापुढे चार माणसं होती. तेवढ्या वेळात तू मला पूर्वी पाठवलेला कागद काढून पाठ करत होते, आणि एकीकडे दुकानाच्या त्या पांढऱ्या भिंतीवर माझं मलाच तपासत होते. एक डोळा झाकायचा, मग दुसरा. उजवा झाकला आणि दादा, शेजारी बसलेला माणूसच नाहीसा झाला. मी घाबरून हात काढला. तो तिथेच होता, पेपर वाचत.

पडदा सारून ती बाहेर आली, मला पाहून थबकली. मी उभी राहिले आणि तिने काही विचारायच्या आधीच म्हटलं, नो. नो, नो, आय डोन्ट माइंड. आस्क. दुकानातली माणसं बघायला लागली. तिला आधी कळेना, मग कळलं, आणि ती अशी हसली की तिला हुंदकाच फुटला. मग मीही रडले. गिऱ्हाइकांनी चष्मे घालून आमचा तमाशा पाहिला.

ती मला तिच्या ओळखीच्या डॉक्टरीण बाईंकडे घेऊन गेली. तिथे एका वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवतात, हातात बटण देतात. ठिपका चमकला की दाबायचं. उजव्या डोळ्याला मी टकाटक दाबत गेले. डाव्याला थोडे ठिपके आले आणि मग काहीच येईना. मी वाट बघत बसले. बराच वेळ गेल्यावर म्हटलं, यंत्र बंद पडलंय वाटतं. सूनबाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. यंत्र चालूच होतं.

डावा डोळा बराचसा गेलाय. उजवा जवळजवळ शाबूत आहे आणि तो तसाच ठेवायचा म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, जन्मभर. अजून वर्षभर उशीर केला असता तर उजव्याचंही सांगता आलं नसतं, असं बाई म्हणाल्या. दुकान चालू राहणार आहे. कपडा थोडा उजवीकडे सरकवून घ्यायचा आणि टाके संपले की डाव्या टोकावरून बोट फिरवून यायचं, हे सूनबाईने सुचवलं. व्हायोलिनवाल्या बाईंचा स्कर्ट मी तसाच पुन्हा शिवला आणि पोचवून आले. पट्ट्या परत चिकटवल्यात, या वेळी दोघींनी मिळून. किल्ली तिच्याकडे आहे. घराचे कागद परत पाठवायची घाई नाही. ते ठेव तुझ्याकडे, माझ्या मूर्खपणाची आठवण म्हणून.

काल तुझी पत्रं टेबलावर पसरली होती. तिला वाचता येत नाही, तरी उचलून बघत राहिली. मग मोडक्या शब्दांत आणि खुणांनी विचारलं की हे कोण लिहितं. म्हटलं माझा भाऊ. वय किती, मी सांगितलं होतं तसा वडिलांसारखा भिंत धरून चालतो का, कडेला ठेवलेल्या वस्तू सांडतो का. आता ती आधी टकटक करत नाही, सरळ विचारते, आणि मी सरळ सांगते. घड्याळजींचं सांगितलं. दौतीचं सांगितलं. ती म्हणाली, ओळी आत सरकल्या म्हणून काही सिद्ध होत नाही, पण एका भावंडाला असेल तर बाकीच्यांनी तपासायलाच हवं.

तर दादा, राग येणार असेल तर येऊ दे, मी विचारतेच. तुला डाव्या बाजूचं दिसतं का? विनोद नको. उत्तर हवंय.

वाट बघते. बहिणीची माया आहे, म्हणूनच छळते.

तुझी
ठकू

~

दि. ५ एप्रिल

चि. ठकूस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा वहिनी समोर होती. तिला वाचून दाखवलं, तुझा शेवटचा प्रश्न मात्र गाळला. मग दोन दिवस मला जेवण गेलं नाही, आणि काल तोही वाचून दाखवला. तिने उठून माझी बॅग काढली.

नाही, ठकू. माझी हरकत नाही. विचारलंस ते बरं केलंस.

गेल्या वर्षीपासून मला माहीत आहे की काहीतरी कमी झालंय. एकदा पुस्तक वाचताना सहज उजवा डोळा चोळला आणि अर्धं पान गेलं. डोळा उघडला, पान परत आलं. मी पुस्तक मिटलं आणि त्यानंतर कधी उजवा डोळा झाकला नाही. इतकंच. मी वडिलांसारखाच भिंतीला हात लावून चालतो, वहिनीला सांगतो की रंग ओला आहे का बघतोय. सूनबाईची चिठ्ठी मराठीत उतरवताना प्रत्येक वाक्य मलाच लिहिलेलं वाटत होतं, तरी मी तुला उपदेश केला, आज जा, उद्या नको. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणतात, ते मास्तरांसाठीच केलेलं असावं. मी फार घाबरलोय. हे वाक्य मराठीत लिहायलाही मला वर्ष लागलं.

डॉक्टरीण बाईंची वेळ घेऊन ठेव. सूनबाईला सांग, मामा येतोय, त्याला हवं ते विचार, तो अडवणार नाही. तिच्यासाठी मी मराठीची पहिली चाळीस वाक्यं लिहिली आहेत, या वेळी प्रत्येकाचं उत्तरही लिहिलंय.

गुरुवारी दुपारच्या बसने पोचतो. लोभ असू दे, आणि स्टँडवर माझ्या उजव्या हाताला उभी राहा. डावीकडे उभी राहिलीस तर म्हणशील, दादाने ओळख दाखवली नाही.

तुझा
दादा